तीन तेलं, एक कढई आणि यजमानांची गोळी

प्रश्न : सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४७. घरात पाच माणसं : सासू-सासरे, यजमान, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि त्या स्वतः. सासऱ्यांची ६१व्या वर्षी बायपास झाली. आज ते ७८ वर्षांचे आहेत आणि औषधांवर ठीक आहेत. यजमान ५२ वर्षांचे. ऑफिसच्या तपासणीत त्यांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २४० आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६ आलं. डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि ‘तेल-तूप कमी करा’ असं सांगितलं. गोळीची पट्टी अजून फोडलेली नाही, कारण पुण्याच्या नणंदबाईंनी पाठवलेल्या व्हिडिओत म्हटलंय की खरं कारण रिफाइंड तेल आहे, ते बंद केलं की गोळी लागत नाही. त्या स्वतः लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा डबाही देऊन गेल्या. सासूबाईंचं म्हणणं, पूर्वीसारखं करडईचं तेल आणा. मुलगा जिमला जातो. त्याला सगळं तुपात हवं आणि काळ्या कॉफीत चमचाभर खोबरेल. महिन्याला सूर्यफूल रिफाइंडचा पाच लिटरचा डबा, दोन लिटर घाण्याचं तेल आणि किलोभर तूप लागतं. परवा जेवताना यजमान म्हणाले, ‘तू आधीच तेल बदललं असतंस तर ही वेळ आली नसती.’ ताई विचारतात : कोणतं तेल वापरू म्हणजे यांना गोळी लागणार नाही?

उत्तर :

ताई, आधी सरळच सांगते. गोळी टाळता येईल असं तेल दुकानात नाही, घाण्यावर नाही आणि सासूबाईंच्या तरुणपणीही नव्हतं. वाचून हिरमोड होईल. पण जेवताना तुमच्या ताटात जो आरोप वाढला गेला, त्यातली हवा यानंच निघते.

हिशेब बघा. स्वयंपाकातली स्निग्धं बदलली, म्हणजे तूप, लोणी, साय, पाम कमी करून त्या जागी शेंगदाणा, सूर्यफूल अशी तेलं आणली, तर एलडीएल साधारण दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. म्हणजे १६८ चं दीडशेच्या घरात येईल. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, असेल. तिच्या मात्रेप्रमाणे हाच आकडा तीस ते पन्नास टक्के खाली येतो. वडिलांना साठीच्या आगेमागे बायपास लागली, एलडीएल एवढं आणि एचडीएल ३६, अशा माणसाला डॉक्टरांनी गोळी सांगितली यात मला तरी काही अघटित दिसत नाही. कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा आपलं यकृतच बनवतं, आणि ते किती बनवायचं, रक्तातून किती उचलायचं यात आनुवंशिकतेचा हात मोठा असतो. ती यजमानांकडे तुमच्या फोडणीतून आलेली नाही.

आणखी एक. ट्रायग्लिसराइड्सचा २४० हा आकडा तेलापेक्षा साखर, मैदा, पोटाचा घेर आणि दारूशी जास्त बांधलेला असतो. तुमच्या पत्रात एका कोपऱ्यात ‘शनिवारी मित्रांबरोबर बसतात’ असं एक वाक्य आहे, जाता जाता लिहिल्यासारखं. ते मी दोनदा वाचलं. कढई रोज तुमच्या हातात दिसते म्हणून सगळ्यांचं बोट कढईकडे जातं. शनिवारची बैठक, तिच्याबरोबरचा चिवडा आणि तळलेले शेंगदाणे, ऑफिसातला तीन वेळचा गोड चहा, यांचा हिशेब घरात कुणी मांडत नाही. तो यजमानांनीच मांडायचा आहे. तुम्ही नाही.

तर गोळीचं काय ते यजमान आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावी, स्नायू दुखतात का, यकृतावर काय परिणाम होतो, सगळं विचारावं. पण व्हिडिओ बघून पट्टी कपाटात ठेवणं हा उपाय नव्हे. आणि सासऱ्यांच्या गोळ्यांना तर कुणी हातही लावू नका. ‘घाण्याचं तेल सुरू केलंय, आता रक्त पातळ व्हायची गोळी कशाला’ असं म्हणणारी माणसं मला नवी नाहीत.

आता तेलाकडे येऊ. ‘कोणतं’ याच्या आधी ‘किती’ हे बघावं लागेल. तुम्ही महिन्याचे आकडे नीट लिहिलेत हे फार बरं केलंत, फार थोडे वाचक लिहितात. सात लिटर तेलाचं वजन साधारण ६.४ किलो. त्यात एक किलो तूप. पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोज सुमारे ४९ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली ज्या आहार मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेत. म्हणजे तुमच्याकडे जवळजवळ दुप्पट जातंय. यात लाजण्यासारखं काही नाही, देशभर हेच चाललंय; दरडोई तेलाचा खप गेल्या दोन-तीन दशकांत दुपटीहून वर गेला आहे. पण एक लक्षात घ्या. घाण्याचं असो, रिफाइंड असो, परदेशी ऑलिव्ह असो, प्रत्येक ग्रॅम तेलाला नऊ कॅलरीच. नणंदबाईंनी आणलेलं तेल आधीच्या तेलाच्या जागी आलेलं नाही. ते वरून आलंय.

पाच माणसांना महिन्याला चार लिटर तेल आणि अर्धा किलो तूप, असा बेत धरला की तुम्ही माणशी २७-२८ ग्रॅमवर येता. एकदम नाही जमणार. सासूबाईंना आमटीवर तवंग दिसला नाही की भाजी ‘आजाऱ्याची’ वाटेल. म्हणून पहिला महिना पाच-सव्वापाच लिटरवर थांबा. महिन्याच्या एक तारखेला लागणारं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि तेवढ्यातच भागवा. चमच्यानं मोजत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं, कारण वीस तारखेला बरणीचा तळ दिसायला लागला की हात आपोआप आखडतो.

आणि तेल नेमकं जातं कुठे ते एक आठवडा नुसतं बघा. फोडणीत मोहरी तडतडायला पाच जणांच्या भाजीला दोन छोटे चमचे पुरतात, पण आपण बाटली तिरकी करतो आणि पळीभर ओततो. वांगी आणि बटाटे तेलात परतताना ते तेल पितात. आधी झाकण ठेवून वाफेवर अर्धवट शिजवले तर निम्म्यात काम होतं. मसाल्याला ‘तेल सुटेपर्यंत’ परतायचं हे खरं, पण सुकं खोबरं आणि शेंगदाण्याचं कूट घातलेल्या वाटणाला त्यांचंच तेल सुटतं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर स्निग्ध असतं, शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास. त्या वाटणाला वरून आणखी दोन पळ्या कशाला? आणि तुमच्या सोलापूरची शेंगा चटणी. ती कुटताना तेल लागत नाही, पण ताटात आली की भाकरीशेजारी तिच्यावर तेलाची धार सोडायची पद्धत आहे. तिथं दही घ्या. चटणी तीच राहते आणि दिवसाकाठी माणशी एक-दोन चमचे तेल वाचतं. शेंगदाणे मात्र बंद करू नका, त्यातल्या स्निग्धाबरोबर प्रथिनं आणि तंतू येतात. अख्ख्या दाण्यांचं मूठभर खाणं हृदयाला वाईट नाही, उलट बरं असतं हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तळलेल्या खारट दाण्यांबद्दल मी हे म्हणत नाहीये, शनिवारवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

आता नणंदबाईंचा व्हिडिओ. रिफाइंड म्हणजे विष, घाणा म्हणजे अमृत.

रिफाइंड तेलात काय होतं ते सांगते. बियांतून तेल काढतात, बऱ्याचदा हेक्झेन नावाच्या द्रावकानं. तो द्रावक उष्णतेनं उडवून लावतात. मग चिकट भाग काढतात, कॉस्टिक सोड्यानं आम्लता मारतात, विशिष्ट मातीतून रंग गाळतात आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवतात. यात ई जीवनसत्त्व, रंग, वास, काही उपयोगी द्रव्यं कमी होतात हे खरं. एवढ्या तापमानाला थोडी नको असलेली द्रव्यं तयार होतात हेही खरं, आणि म्हणून त्यांच्यावर नियम आहेत. पण तेलातलं मूळ स्निग्ध, ज्याच्यावर कोलेस्टेरॉल चढणं-उतरणं अवलंबून असतं, ते जवळपास तसंच राहतं. रिफाइंड शेंगदाणा आणि घाण्याचा शेंगदाणा यांचा एलडीएलवरचा परिणाम फारसा वेगळा असायचं कारण नाही. ज्या मोठ्या अभ्यासांत अशा वनस्पती तेलांनी लोण्या-तुपाची जागा घेतल्यावर हृदयविकार कमी झालेला दिसला, त्यातली बहुतेक तेलं रिफाइंडच होती.

घाण्याच्या तेलाची चव मला स्वतःला आवडते. मेथीच्या भाजीला त्या वासाची फोडणी बसली की दुसरं तेल नको वाटतं. चवीसाठी, गावातल्या घाणेवाल्याचा धंदा चालावा म्हणून, जरूर घ्या. पण डोळे उघडे ठेवून. शेंगदाण्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते यकृताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे. रिफाइंड करताना कॉस्टिकच्या टप्प्यात ते बहुतांशी निघून जातं. घाण्यात जसे दाणे तसं तेल. म्हणून घाण्यावर गेलात तर तेलाआधी दाण्यांचं पोतं बघा. काळपट, सुरकुतलेले, वासाचे दाणे ‘तेलाला चालतात’ असं कुणी म्हणालं तर मागे फिरा. एका वेळी एक लिटरच आणा, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, गॅसपासून आणि उजेडापासून लांब ठेवा, कारण हे तेल लवकर खवट होतं. बिननावाचं सुटं तेल मात्र कुठलंच नको. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, पाय सुजून माणसं दवाखान्यात गेली आणि कित्येक दगावली. भेसळ डोळ्यांना दिसत नाही.

डब्यांवरची एक जाहिरातही इथंच निकालात काढू : ‘कोलेस्टेरॉल नाही’. कुठल्याच वनस्पती तेलात ते मोजण्याइतकं नसतं. पामतेलातही नाही, डालड्यातही नव्हतं.

सासूबाईंच्या करडईवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ती आपल्या मातीतली गोष्ट आहे. सोलापूर, मराठवाडा म्हणजे रब्बी ज्वारी आणि तिच्या कडेनं करडई. काटेरी झाड, जनावरं शेतात घुसत नाहीत, कोवळ्या पानांची भाजी होते आणि बियांचं तेल. फलटणच्या निंबकर संस्थेनं तर बिनकाट्यांचे वाणही काढले. पुढे शहाण्यासुरत्या लोकांनी करडईला ‘हृदयाचं तेल’ करून टाकलं, कारण तिच्यात लिनोलेइक हे बहुअसंपृक्त (पातळ राहणाऱ्या तेलांतलं) आम्ल, म्हणजे ओमेगा-६, सत्तर टक्क्यांच्या वर असतं आणि त्यानं कोलेस्टेरॉल उतरतं. पण याच करडईची एक गोष्ट सगळे सांगत नाहीत. १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. सगळ्यांना नुकताच हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेला. निम्म्यांना लोणी आणि प्राण्यांच्या चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईपासून बनवलेलं मार्गारिन, म्हणजे तेलाचं कृत्रिम लोणी, दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. मृत्यू मात्र जास्त झाले. २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा उकरून तपासली गेली तेव्हा हे ठळकपणे पुढे आलं, आणि ‘बियांची तेलं मारतात’ असं ओरडणाऱ्या मंडळींना हातात कोलीत मिळालं.

मला त्यातून एवढं भयंकर काही दिसत नाही. चाचणी लहान होती, आणि त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं स्निग्ध) असण्याची शक्यता मोठी. ते हृदयाला सगळ्यांत वाईट स्निग्ध. अशा सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर संपृक्त (तूप-लोण्यासारख्या, थंडीत गोठणाऱ्या) स्निग्धाच्या जागी बहुअसंपृक्त आलं की हृदयविकाराचे झटके कमीच होताना दिसतात. ‘ओमेगा-६ मुळे अंगात दाह होतो’ हेही माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. तरी सिडनीतून एक शहाणपण घेण्यासारखं आहे : घरातलं सगळं स्निग्ध एकाच तेलातून, आणि तेही एका टोकाच्या तेलातून, घेऊ नये. सासूबाईंना करडई हवी आहे ना? आणा, पण रोजच्या सगळ्या स्वयंपाकाला नव्हे. आणि एक ध्यानात ठेवा, त्यांच्या तरुणपणी ते तेल जपून वापरलं जायचं. तळण सणावारी, तूप पुरणपोळीवर, आणि दिवस शेतात नाहीतर यंत्रमागावर जायचा. ‘आमच्या काळी खाऊन काही झालं नाही’ म्हणताना त्या काळी कुणाचं एलडीएल मोजलं जात नव्हतं हेही विसरायला होतं. हे त्यांना माझ्या नावावर सांगा.

मुलाचं प्रकरण थोडक्यात. संपृक्त स्निग्धाच्या उतरंडीत खोबरेल सगळ्यांत वर, जवळपास नव्वद टक्के, तूप साठ-पासष्ट, पाम निम्मं, शेंगदाणा वीसच्या आत, सूर्यफूल आणि करडई दहाच्या आसपास. संपृक्त स्निग्ध वाढलं की यकृताची रक्तातलं एलडीएल उचलायची ताकद मंदावते आणि ते रक्तात साचतं. खोबरेलानं ‘चांगलं’ एचडीएल वाढतं हे खरं, पण सोबत एलडीएलही चढतं, आणि ही चढ एचडीएलमुळे फिटते याला आधार नाही. कोकणात किंवा केरळात ओल्या नारळाचं कालवण खाणारं माणूस आणि कॉफीत चमचाभर खोबरेल ओतणारा विशीतला मुलगा यांची बरोबरी करू नका. पहिल्याच्या ताटात भात, मासे, भाजी, ताक असतं. मुलाच्या आजोबांची बायपास झाली आहे, वडिलांचं एलडीएल वाढलं आहे. त्याचीही एकदा तपासणी करून घ्या, मग तो आपोआप ऐकेल.

तुपाला मी वैरी मानत नाही. गरम भातावर, भाकरीवर, पोळीवर छोटा चमचाभर तूप म्हणजे साधारण तीन ग्रॅम संपृक्त स्निग्ध. ज्यांचं एलडीएल वाढलेलं आहे त्यांनी दिवसाचं संपृक्त स्निग्ध पंधरा ग्रॅमच्या आसपास ठेवावं, असं धरलं तरी त्या चमच्याला जागा आहे. जागा खाऊन टाकतं ते म्हशीचं दूध. पेलाभर साईसकट दुधात सात-आठ ग्रॅम संपृक्त स्निग्ध सहज असतं. यजमान रात्री दूध पितात असं तुम्ही लिहिलंय. ते साय काढून द्या. आणि त्याच सायीचं पुन्हा तूप कढवून त्यांच्याच ताटात वाढू नका. घरोघरी हे होतं.

बाहेरच्या खाण्याचा एक परिच्छेद घेतल्याशिवाय राहवत नाही. खारी, टोस्ट, नानकटाई, बेकरीतली बिस्किटं, पाकिटातलं फरसाण. पूर्वी यात वनस्पती तूप असायचं आणि त्याबरोबर ट्रान्स फॅट. जानेवारी २०२२ पासून तेल-तूप-वनस्पतीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर नसावं असा नियम आहे, त्यामुळे परिस्थिती सुधारली. पण त्या जागी बऱ्याच ठिकाणी पाम आलं, म्हणजे संपृक्त स्निग्ध. पाकिटाच्या पाठीमागे ‘पामोलीन’ किंवा ‘पाम तेल’ पहिल्या दोन-तीन घटकांत असेल तर ते रोजच्या चहाबरोबरचं खाणं नव्हे. तुम्ही घरात कितीही तेल बदला, चार वाजता यजमान ऑफिसात खारी बुडवत असतील तर ते बदलणं कुठे पोचणार?

तळणाबद्दल बऱ्याच वाचकांची पत्रं येतात, म्हणून हेही इथंच लिहिते. तेल धुरावलं, काळपट पडलं, चिकट झालं, टाकताच फेस धरायला लागलं, की ते संपलं. बहुअसंपृक्त तेलं, म्हणजे सूर्यफूल, करडई, सोयाबीन, तापवली की लवकर बिघडतात. शेंगदाणा किंवा भाताच्या कोंड्याचं तेल तळणीत जास्त टिकतं. छोटी कढई घ्या, तेल कमी घाला, भजी एकदम न टाकता दोन खेपा जास्त करून तळा. उरलेलं तेल गाळून, झाकून, दोन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. त्यावर पुन्हा पुऱ्या तळायच्या नाहीत, आणि जुन्या तेलात नवं तेल ओतून ‘वाढवायचं’ तर अजिबातच नाही. हॉटेलांसाठी नियम आहे की तेलातली बिघडलेली द्रव्यं पंचवीस टक्क्यांवर गेली की ते फेकायचं. गाड्यावरच्या वडेवाल्याची कढई कोण तपासतं, हा प्रश्न आहेच.

मग वाण्याकडे जाऊन काय आणायचं? माझं मत असं. फोडणीला आणि तळणाला शेंगदाणा तेल, फिल्टर किंवा खात्रीच्या घाण्याचं. दुसरं तेल सूर्यफूल, करडई किंवा सोयाबीन, यातलं एक, संपलं की दुसरं. एक महिना सासूबाईंचा. दोन्ही मिळून चार लिटरच्या पुढे नाही. पामोलीन नको. ऑलिव्ह तेलाची गरज नाही. परदेशातल्या मराठी घरांना ते सहज आणि स्वस्त मिळत असेल तर त्यांनी जरूर वापरावं, स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला आहे, पण तिथं सोबत भाज्या, कडधान्यं, सुकामेवा, मासे असं सगळं ताटच होतं. ओमेगा-३ या उपयोगी स्निग्धासाठी बाटलीबंद तेल शोधू नका. तुमच्याकडे जवसाची चटणी होते, ते त्यातून मिळतं. जवस भाजून नीट कुटलेला हवा, अख्खा दाणा पोटातून तसाच निघून जातो. दिवसाला एक मोठा चमचा, घरातल्या सगळ्यांना.

सासऱ्यांना मात्र फार पथ्यात बांधू नका. ७८व्या वर्षी भूक आधीच कमी असते. बेचव जेवणानं ते आणखी कमी खातील आणि अशक्तपणा येईल. त्यांच्या ताटात चमचाभर तूप राहू द्या.

आणि जेवताना पुन्हा तेलाचा विषय निघाला तर यजमानांच्या हातात यादी द्या : खारी, शनिवार, रात्रीचं साईचं दूध, संध्याकाळचं चालणं. तेलाची बरणी माझ्याकडे, बाकीचं तुमच्याकडे, असं सांगा. नणंदबाईंचा डबा परत करू नका, घरातली माणसं तोडायची नाहीत. तो वापरा आणि संपला की फोनवर त्यांना विचारा, तुमच्या घाणेवाल्याचे दाणे कसे असतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच नाही. सासऱ्यांचे रिपोर्ट आहेत, यजमानांचे आहेत, मुलाचं वजनसुद्धा आहे. तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं? पाळी जायच्या आगेमागे बायकांचं एलडीएल चढतं, आणि तोपर्यंत मिळालेलं थोडं संरक्षण ओसरतं. यजमानांची पुढची तपासणी गोळी आणि खाणं दोन्ही सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील त्या सुमारास होईल. त्याच सकाळी, त्याच लॅबमध्ये तुम्हीही दंड पुढे करा. ट्रायग्लिसराइड्सचा आकडा नीट यावा म्हणून आदल्या रात्रीनंतर दहा-बारा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि तपासणी शनिवारच्या दुसऱ्या दिवशी ठेवायची नाही.